देशाचं उद्याचं नेतृत्व एकत्र आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेगवेगळ्या क्षेत्रांत उमेदीनं काम करणाऱ्या तरुण माणसांची एकमेकांशी गाठ घालून द्यावी, ही कल्पना कुणालाही पटकन पटते. प्रत्यक्ष आखणीला बसलं की मात्र प्रश्नांची रांग लागते. अशा कार्यक्रमांच्या आखणीत मी बरीच वर्षं आहे. आयोजक, देणगीदार, सहभागी आणि निवड न झालेले उमेदवार जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवते आहे.

'उद्याचे नेते' म्हणजे नेमकं कोण?

पद हा निकष धरला तर यादी अर्ध्या तासात तयार होते आणि तिथेच फसते. मी दोनच गोष्टी बघते. या माणसाच्या निर्णयाचा परिणाम त्याच्या घराबाहेरच्या लोकांवर होतो का? आणि त्याच्या शब्दावर लोक आपणहून विसंबतात का? प्रयोगशाळेची धुरा नुकतीच हाती आलेली शास्त्रज्ञ, कामगार संघटनेचा तरुण सरचिटणीस, आडगावात रुग्णालय चालवणारी डॉक्टर, सैन्यदलातला मधल्या फळीतला अधिकारी, पहिल्यांदाच निवडून आलेला लोकप्रतिनिधी, शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी करणारी बाई, नाटकाचा दिग्दर्शक, वृत्तसंपादक हे सगळे या यादीत येतात. यांतल्या काहींचं नाव त्यांच्या क्षेत्राबाहेर कुणी ऐकलेलंही नसतं. म्हणूनच त्यांना शोधावं लागतं.

ही माणसं मोठी झाली की आपोआप भेटतातच. मग मुद्दाम कशाला?

भेटतात, पण कशी, ते बघा. संघटनेचा नेता आणि कारखान्याचा प्रमुख पहिल्यांदा समोरासमोर येतात ते संपाच्या आठव्या दिवशी. साथरोगतज्ज्ञ आणि वित्त खात्याचा सचिव पहिल्यांदा बोलतात ते साथ पसरल्यावर. अशा वेळी दोघांच्या पाठीशी आपापली माणसं उभी असतात, प्रत्येक शब्दाचा हिशेब होत असतो आणि मनातली शंका बोलून दाखवणं म्हणजे हार मानणं ठरतं. तीच दोन माणसं दहा वर्षं आधी एका खोलीत आठवडाभर भांडलेली असतील, तर रात्री अकरा वाजता एक फोन होऊ शकतो. माझ्या लेखी सगळा खटाटोप या एका फोनसाठी आहे.

शिवाय आपल्या वर्तुळातल्या माणसांना साधारण तेच माहीत असतं, जे आपल्याला माहीत असतं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये हे नीट मांडलं: नव्या नोकरीची, नव्या संधीची खबर बहुतेक वेळा जिवलग मित्राकडून येत नाही. ती येते तोंडओळखीच्या माणसाकडून, कारण त्याची ऊठबस वेगळ्या लोकांत असते. देशाच्या बाबतीतही तेच घडतं. क्षेत्राक्षेत्रांना जोडणारे दुवे थोडे असले की माहिती आपापल्या कप्प्यात अडकून राहते.

नुसतं एकत्र बसवलं की पूर्वग्रह गळतात का?

नाही. माझ्या क्षेत्रातला हा सर्वांत महागडा गैरसमज आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये चार अटी सांगितल्या होत्या. भिन्न गटांच्या भेटीतून दुरावा कमी व्हायचा असेल तर भेटीत दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट सामाईक हवं, ते गाठायला एकमेकांची मदत लागायला हवी आणि ज्यांचा शब्द चालतो त्यांचा या भेटीला उघड पाठिंबा हवा. त्याच वर्षी मुझफर शेरीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात एका शिबिरात २२ मुलांवर प्रयोग केला. मुलं साधारण अकरा वर्षांची होती. दोन गट पाडून त्यांच्यात चुरस लावली, तेव्हा वैर पेटलं. मग त्यांना एकत्र जेवायला, एकत्र सिनेमा बघायला बसवलं, तर पंगतीत एकमेकांवर अन्न फेकणं सुरू झालं. वातावरण निवळायला लागलं ते शिबिराचं पाणी बंद पडलं आणि ते दुरुस्त करायला दोन्ही गटांचे हात लागले तेव्हा. बंद पडलेला ट्रक सगळ्यांनी मिळून दोरानं ओढला तेव्हा. प्रयोगातल्या मुलांना काहीच कल्पना नव्हती, त्यामुळे तो आज कुणी तसाच करू नये. पण त्यातला धडा मला प्रत्येक आखणीच्या वेळी आठवतो. मेजवानी म्हणजे एकत्र जेवण्याची सोय. भरवशासाठी कामच द्यावं लागतं, आणि ते एकट्यादुकट्याला न पेलणारं असावं लागतं.

ऑलपोर्टची पहिली अट पाळणं सगळ्यांत कठीण जातं. खोलीत मंत्र्याचा सचिव आणि वस्तीत काम करणारी कार्यकर्ती दोघंही असतील, तर 'इथे सगळे समान' असं जाहीर करून काही होत नाही. बिल्ल्यावर पदनाम नको. राहायच्या खोल्या सारख्याच हव्यात. पहिल्या दोन दिवसांत कुणीही स्वतःचं काम सादर करू नये. आणि पहिला प्रश्न असा हवा, ज्याचं उत्तर कार्यकर्तीला सचिवापेक्षा चांगलं ठाऊक असेल.

बघण्यासारखी उदाहरणं कुठली?

पुष्कळ आहेत. मी स्वतः तीन वारंवार सांगते.

पहिलं १९५६ चं. ड्यूक ऑफ एडिनबरा प्रिन्स फिलिप यांच्या पुढाकारानं ऑक्सफर्डला राष्ट्रकुल देशांतल्या तरुण व्यवस्थापकांची आणि कामगार संघटनांतल्या कार्यकर्त्यांची परिषद भरली. औद्योगिक समाजातले मानवी प्रश्न हा विषय होता. तिची खुबी अशी की, माणसांना सभागृहात कोंडून ठेवलं नाही. मिश्र गट पाडले, त्यांना कारखान्यांत आणि वस्त्यांत फिरवलं आणि मग एकत्र बसून काय दिसलं ते मांडायला लावलं. कॅनडानं १९८३ पासून याच धर्तीवर गव्हर्नर जनरल यांच्या नावानं नेतृत्व परिषद सुरू केली. तिथेही उद्योग, कामगार संघटना, सरकार आणि स्वयंसेवी क्षेत्रातली मधल्या फळीतली माणसं छोट्या गटांनी देशाचे वेगवेगळे भाग बघतात आणि शेवटी गव्हर्नर जनरलसमोर आपलं निरीक्षण ठेवतात. एकाच बसमधून उतरून एकच बंद पडलेली खाण बघितलेले व्यवस्थापक आणि संघटनेचा माणूस रात्री जे बोलतात, ते कुठल्याही परिसंवादात ऐकायला मिळत नाही.

दुसरं फिनलंडचं. तिथे १९६१ पासून राष्ट्रीय संरक्षण अभ्यासक्रम चालतो. त्याला सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या जोडीनं राजकारण, उद्योग, प्रशासन, माध्यमं अशा क्षेत्रांतल्या लोकांना निमंत्रण असतं. संकट आलं तर देशाचा कारभार कसा चालू राहील, हे ही माणसं शेजारी बसून शिकतात. विषय ठोस आहे आणि तो सगळ्यांचाच आहे, हे मला त्यातलं बळ वाटतं.

तिसरं दक्षिण आफ्रिकेचं, आणि माझ्या सर्वांत जवळचं. १९९० मध्ये नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटले होते, पण सगळ्या वर्णांच्या लोकांनी मतदान केलेली पहिली निवडणूक व्हायची होती १९९४ मध्ये. मधला काळ हिंसेचा आणि संशयाचा. १९९१-९२ मध्ये स्टेलनबॉशजवळ माँ फ्लर इथे वर्णभेदविरोधी चळवळीतले नेते, कामगार संघटनांची माणसं, अर्थतज्ज्ञ आणि गोरे उद्योजक असे २२ जण एकत्र बसले. सूत्रं ॲडम कहाने यांच्याकडे होती. त्यांनी घालून दिलेली मर्यादा साधी होती: काय व्हायला हवं यावर बोलायचं नाही, काय होऊ शकेल एवढंच बोलायचं. त्यातून चार चित्रं उभी राहिली. वाळूत डोकं खुपसणारा शहामृग म्हणजे वाटाघाटी टाळणारी राजवट. पंगू बदक म्हणजे हातपाय बांधलेलं संक्रमणकालीन सरकार. इकारस, म्हणजे ग्रीक कथेतला सूर्याच्या फार जवळ उडून पंख वितळल्यानं कोसळलेला तरुण, हे चित्र होतं लोकांना खूश करण्यासाठी वारेमाप खर्च करून कोसळणाऱ्या सरकारचं. आणि एकत्र, हळूहळू उडणारे फ्लेमिंगो म्हणजे सगळ्यांना सोबत घेऊन सावकाश वर जाणारा देश.

त्या बैठकीतले ट्रेव्हर मॅन्युएल १९९६ मध्ये अर्थमंत्री झाले आणि २००९ पर्यंत त्या पदावर राहिले. टिटो म्बोवेनी १९९४ मध्ये कामगारमंत्री आणि १९९९ मध्ये मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर झाले. या बैठकांनी देश वाचला असा दावा कुणी करू नये. पण आपल्याच बाजूचं सरकार इकारससारखं कोसळू शकतं, ही शक्यता सत्तेवर येण्याआधी विरोधकांसोबत बसून तपासणं, हे धाडस फार थोड्या ठिकाणी दिसलं आहे.

हे म्हणजे वशिल्याचं नवं जाळं नाही का?

होऊ शकतं. हा आक्षेप मी कधीही उडवून लावत नाही.

अमेरिकेत १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी व्हाइट हाउस फेलो ही योजना सुरू केली. तरुणांनी वर्षभर सरकारच्या वरच्या पातळीवर काम करायचं, अशी तिची रचना. सैन्यातले अधिकारी कॉलिन पॉवेल १९७२-७३ मध्ये असेच फेलो होते. अर्थसंकल्प बघणाऱ्या कार्यालयात त्यांचे वरिष्ठ होते कॅस्पर वाइनबर्गर आणि फ्रँक कार्लुची. पुढे वाइनबर्गर संरक्षणमंत्री झाले तेव्हा पॉवेल त्यांचे लष्करी साहाय्यक झाले, आणि कार्लुची राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले तेव्हा पॉवेल त्यांचे उपसल्लागार. पॉवेल कर्तबगार होते यात वाद नाही. पण तितकाच कर्तबगार दुसरा एखादा अधिकारी त्या वर्षी त्या कार्यालयात नव्हता, हेही खरं. ओळख दार उघडते, आणि ज्याची ओळख नाही त्याच्यासाठी ते दार बंदच राहतं.

म्हणून काही गोष्टी मी सक्तीच्या मानते. सहभागी कोण, पैसा कुणाचा, निवड कुणी केली, हे सगळं जाहीर हवं. तुकडीतल्या तुकडीत कंत्राटं, नेमणुका, गुंतवणूक असे व्यवहार झाले तर ते उघड करण्याचा नियम हवा. आणि निवड समिती दर काही वर्षांनी पूर्ण बदलावी. माजी सहभागीच नवे सहभागी निवडायला लागले की तिसऱ्या तुकडीपर्यंत सगळ्यांचे चेहरे एकसारखे होतात.

चिठ्ठ्या टाकून माणसं निवडण्याचा मार्गही विचारात घ्यावा. आयर्लंडमध्ये २०१२ ते २०१४ दरम्यान राज्यघटनेवर विचार करायला १०० जणांचं अधिवेशन बसलं: एक अध्यक्ष, ३३ राजकारणी आणि ६६ सामान्य नागरिक. नागरिकांची निवड सोडतीसारख्या पद्धतीनं झाली होती. समलिंगी विवाहाला मान्यता देण्याची शिफारस तिथून आली आणि २०१५ च्या सार्वमतात लोकांनी ती स्वीकारली. नेतृत्वाच्या मेळाव्यात एक पंचमांश जागा अशा भरल्या, तर उरलेल्या चार पंचमांशांची भाषा आपोआप जमिनीवर येते.

निवड अर्जातून करावी की शिफारशीतून?

अर्ज करतात ते अर्ज करायला सरावलेले. शिफारस होते ती शिफारस करणाऱ्याच्या ओळखीतल्याची. दोन्हीतून तीच ती माणसं येतात. अर्ज खुले ठेवाच, पण आयोजकांनी पायपीट करून माणसं शोधावीत. अर्जाचं काम एका पानात आटपावं आणि तोंडी अर्जही चालावा.

एक गोष्ट मी हट्टानं करते. वरिष्ठांचं पत्र मागत नाही. उमेदवाराच्या हाताखाली काम केलेल्या एकाशी आणि त्याच्याशी जाहीर मतभेद झालेल्या एकाशी बोलते. पहिल्या संभाषणात माणूस वागतो कसा ते कळतं, दुसऱ्यात तो हरतो कसा ते.

आणि दार कुणासाठी बंद आहे, याची दरवर्षी मोजदाद करा. ऑक्सफर्ड विद्यापीठात शिकण्यासाठीची ऱ्होड्स शिष्यवृत्ती १९०२ मध्ये सेसिल ऱ्होड्स यांच्या मृत्युपत्रातून जन्मली आणि १९७७ पर्यंत ती फक्त पुरुषांना मिळत होती. पाऊणशे वर्षं उत्तम नेते निवडतो असं म्हणताना निम्मी माणसं नजरेतच नव्हती. आज आपल्या नजरेतून कोण सुटतंय, हा प्रश्न निवडीच्या बैठकीच्या सुरुवातीला विचारावा, शेवटी नाही.

वयाची अट असावी का?

ढोबळ असावी. पस्तीसच्या अलीकडेपलीकडे माणसाकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं आणि मत बदलण्याची उभारीही असते. पण लेकरांच्या संगोपनात वर्षं गेलेल्या बाईला किंवा उशिरा शिक्षण मिळालेल्या माणसाला जन्मतारखेवरून बाहेर काढू नका. क्षेत्रात किती वर्षं झाली ते मोजा.

किती माणसं आणि किती दिवस?

पंचवीस-तीस. त्याहून जास्त झाली की गट पडतात. कमी झाली की एक जोरकस माणूस सगळ्यांना ओढत नेतो.

दिवसांबद्दल मात्र ठाम आहे: एकच लांब मेळावा करू नका. चार-पाच दिवसांच्या तीन-चार निवासी भेटी, दीड वर्षात. पहिल्या भेटीत सगळे सभ्य असतात. दुसऱ्या भेटीत खरं भांडण होतं. त्यानंतर मधले चार महिने घरी जाऊन विचार करायला मिळतात, आणि तिसऱ्या भेटीला माणसं काहीतरी मागे टाकून आलेली असतात.

दीर्घ मुदतीचा नमुना हवा असेल तर जर्मनीतली २००० साली स्थापन झालेली तरुण अकादमी बघावी. विज्ञान आणि कला यांतले ५० सदस्य, प्रत्येकाची मुदत पाच वर्षं, दरवर्षी दहा जण जातात आणि दहा येतात. त्यामुळे संस्था मुरते, पण शिळी होत नाही. नंतर अनेक देशांत तरुण अकादम्या निघाल्या.

कार्यक्रमात भाषणं किती ठेवावीत?

एक. जमलं तर तेही नको. नामवंत पाहुणा आला तर त्याला प्रश्नांची उत्तरं द्यायला बसवा, आणि त्याच्या आयुष्यातल्या फसलेल्या निर्णयाबद्दल बोलायची विनंती आधीच करा.

कट्टर विरोधी मतांची माणसं एका खोलीत मोकळेपणानं बोलतील का?

बोलतात, जर बोललेलं बाहेर त्यांच्या नावावर जाणार नसेल. लंडनच्या चॅटम हाउस या आंतरराष्ट्रीय घडामोडींच्या अभ्याससंस्थेचा १९२७ पासूनचा नियम यासाठी जगभर वापरतात: ऐकलेली माहिती वापरायला मोकळीक, पण ती कुणी सांगितली आणि तो कुठल्या संस्थेचा, हे उघड करायचं नाही. नियम एका ओळीचा असला तरी पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं त्यावर बोला. फोटो आणि समाजमाध्यमांवरच्या पोस्टचं काय, तेही तेव्हाच ठरवा.

हा नियम आणि वर सांगितलेली पारदर्शकता यांत विरोध वाटेल. कोण आलं आणि पैसा कुणाचा हे उघड असावं. कोण काय बोललं ते झाकलेलं असावं. बऱ्याच ठिकाणी नेमकं उलट बघते: भाषणं प्रक्षेपित होतात आणि देणगीदार अदृश्य असतो.

मतभेद मिटवायचा प्रयत्नही करू नका. एका निवासी भेटीत जमिनीच्या प्रश्नावरून दोघांचं इतकं वाजलं की एकानं सामान बांधलं. मी घाईनं मध्यस्थी करायला गेले आणि मोठी चूक केली. दोघांनाही वाटलं, त्यांचं म्हणणं दाबलं जातंय. दुसऱ्या दिवशी वेगळी विनंती केली: समोरच्याची बाजू त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडून दाखवा. तीन तास लागले. मतं तीच राहिली, सामान मात्र सोडलं गेलं. पुढे त्या दोघांनी त्याच विषयावर एकत्र टिपण लिहिलं, त्यात कुठे पटत नाही याचा वेगळा भाग होता, आणि तोच भाग सर्वांत उपयोगी ठरला.

भाषेचा प्रश्न कसा सोडवावा?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, म्हणून विचारणाऱ्याचे मी आभार मानते. ज्या भाषेत कार्यालयं चालतात तीत सराईत असलेला माणूस हुशार वाटतो आणि जो नाही तो गप्प बसतो. त्याच्या गप्प बसण्याला आपण 'साधं व्यक्तिमत्त्व' म्हणतो. दुभाष्यांवर खर्च करा. छोट्या गटांना आपल्या भाषेत बोलू द्या आणि अहवाल दुसऱ्यानं अनुवादित करावा. एखाद्या सत्राची भाषा मुद्दाम बदला, म्हणजे सराईत माणसालाही अडखळण्याचा अनुभव मिळतो. माझ्या एका तुकडीत असं केलं, तेव्हा दोन दिवस मूक बसलेल्या मच्छीमार संघटनेच्या पदाधिकारी बाईंनी तासभर खोलीवर पकड ठेवली होती.

पैसा कुणाचा घ्यावा?

अनेकांचा, थोडा थोडा. एकाच देणगीदाराचा वाटा इतका मोठा नको की तो गेला तर कार्यक्रम बंद पडेल. देणगीदाराला निवडीत मत नसावं, विषयातही नसावं. सहभागींकडून शुल्क घ्यायचंच असेल तर ते मिळकतीप्रमाणे घ्यावं आणि कुणी किती दिलं हे इतरांना कळू नये. रोजंदारीवर जगणाऱ्याचे बुडालेले दिवस भरून द्यावेत. प्रवासखर्च दिला की झालं, हा समज सोडावा.

ज्येष्ठांचं यात काय काम?

ऐकण्याचं, आणि शेवटी निरीक्षणं मांडली जातात तेव्हा समोर बसून उत्तर देण्याचं. सत्तेतल्या कुणीतरी ते गंभीरपणे ऐकणार आहे, हे माहीत असलं की तरुण माणसं जबाबदारीनं बोलतात. मार्गदर्शक नेमायचे असतील तर वेगळ्या क्षेत्रातले नेमा.

यश कसं मोजायचं?

शेवटच्या दिवशीच्या प्रतिसादपत्रकावरून नक्कीच नाही. त्या दिवशी सगळ्यांचे डोळे भरलेले असतात आणि सगळे गुण पैकीच्या पैकी येतात.

मी एक वर्षानं आणि तीन वर्षांनी फोन करते. तुकडीतल्या, पण तुमच्या क्षेत्राबाहेरच्या कुणाला गेल्या सहा महिन्यांत कामासाठी फोन केलात का? त्यातून काय निघालं? तुमचा कुठला निर्णय बदलला? आणि तुकडीतल्या कुणाला 'हे चुकतंय' असं तोंडावर सांगितलंत का? शेवटच्या प्रश्नाला 'हो' म्हणणारे वाढले, तर मी तो कार्यक्रम पुढच्या वर्षी चालू ठेवायला सांगते. कोण मंत्री झालं आणि कुणाला पुरस्कार मिळाला, हे अहवालात छान दिसतं, पण ती माणसं तशीही तिथे पोचली असती का, हे त्यावरून कळत नाही.

कार्यक्रम संपल्यावर गट विरून जातो. काय करावं?

संदेशांचा गट काढून भागत नाही. सहा महिन्यांत तो वाढदिवसाच्या शुभेच्छांवर येतो. एक माणूस पगारी हवा, ज्याचं कामच मुळी दुवे जोडण्याचं: कुणाला काय अडलंय ते विचारायचं आणि ते सोडवू शकेल अशा सदस्याशी त्याला जोडून द्यायचं. पहिल्या वर्षाच्या खर्चाचा मोठा भाग सभागृह आणि छपाई यांवर जातो. त्यातला निम्मा या माणसासाठी राखून ठेवा.

माझी निवड झाली नाही. आता?

कारण विचारा. आयोजकांनी ते दिलंच पाहिजे, निदान दोन ओळींत. आणि खरं सांगायचं तर शेवटच्या यादीतल्या पन्नास जणांतून तीस निवडताना आम्ही क्षेत्रांचा, प्रदेशांचा मेळ बघतो. राहिलेले वीस कमी असतात म्हणून राहत नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा या.

आमच्याकडे ना पैसा, ना नाव. सुरुवात करता येईल का?

येईल. वेगवेगळ्या क्षेत्रांतली आठ माणसं गोळा करा, त्यांतली निदान तीन तुम्हाला अनोळखी असू द्या. एक प्रश्न घ्या, जो आठही जणांना आपापल्या कामात टोचतो, उदाहरणार्थ शाळा अर्ध्यावर सोडणारी मुलं. पहिल्या दिवशी चर्चा नको. दोघादोघांच्या जोड्या करा, वेगळ्या क्षेत्रांतल्या, आणि एक दिवस शाळा सोडलेल्या मुलांच्या घरी, शाळेत, ती काम करतात त्या ठिकाणी घालवा. संध्याकाळी बसा आणि प्रत्येकानं फक्त जे डोळ्यांनी बघितलं ते सांगा. उपाय सुचवायला लागलेल्या माणसाला थांबवा. उठण्यापूर्वी दुसऱ्या भेटीची तारीख ठरवा आणि त्या भेटीचं यजमानपद सगळ्यांत कमी बोललेल्या माणसाकडे द्या.